नौशीन मॅडम आणि सव्वापाचची गाडी

हे लिहिणं नौशीन मॅडमबद्दल आहे. काय सांगायचं ते पहिल्याच वाक्यात सांगून मोकळं व्हावं, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. नाहीतर मी आधी तिथी, मग देवपूजा, मग भाजी काय केली ते लिहून त्यांच्यापर्यंत तिसऱ्या पानावर पोचले असते. माझ्या रोजच्या वहीत तशी पुष्कळ पानं आहेत.

मॅडम महाडच्या. आमच्याकडच्या हायस्कूलात नऊ वर्षं मराठी शिकवतात. नवरा शहबाज दोह्याला एका गोदामावर असतो, घरी सासू नसीबाबी. सकाळी महाडहून पोलादपूर, तिथून दुसऱ्या गाडीनं आमचं कापडे गाव. एका पालकानं एकदा त्यांना विचारलं, "तुम्ही मराठी शिकवता?" त्या म्हणाल्या, "हो. इंग्रजी शिकवणारे सर तरी कुठे इंग्रज आहेत?" पालकाला ते पटलं. इंग्रजीचे सर मोरगिरीचे आहेत.

आमची पडवी गाडीच्या थांब्याला लागून आहे. शाळा पाचला सुटते. सव्वापाचची गाडी मुलांना घेऊन वर माथ्याच्या वाडीला जाते, तिथून फिरते आणि सहा वाजून गेल्यावर खाली येते. त्याच गाडीनं मॅडम पोलादपूरला जातात. म्हणजे रोजचा तासभर त्या आमच्या पडवीत असतात. त्या वह्या तपासतात, मी वाती वळते. रमजानात त्या पाणीसुद्धा घेत नाहीत. माझ्या एकादशीला साबुदाणा, वरी, शेंगदाणे, केळी, सगळं असतं. याबद्दल मी देवाशी बोलले आहे. देव काही म्हणाला नाही.

माझी मुलगी अनुष्का त्यांच्याच वर्गात, दहावीला. त्यामुळे वर्गात काय होतं ते मला दोन्हीकडून कळतं.

आता आमच्या बाजूची एक रीत सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. इकडे कामाची गोष्ट आल्या आल्या कोणी सांगत नाही. आधी पाणी, मग चहा, मग भात किती झालं, माकडांनी वालाचं काय केलं, मुंबईची मंडळी कधी येणार. मग माणूस उठतो, चपला पायात घालतो, आणि तेव्हा सांगतो की बायकोला दवाखान्यात न्यायची आहे, गाडी मिळेल का. माझे चुलत दीर मुलीचं लग्न ठरल्याचं सांगायला आले होते. दोन तास बसले. तारीख सांगितली तेव्हा ते अंगणात होते. आधी सांगितलं तर तो नुसता कामापुरता आला असं दिसतं, आणि तसं दिसणं वाईट.

मुलं घरात जे ऐकतात तेच लिहितात. मॅडमनी 'माझा आवडता प्राणी' यावर एक परिच्छेद लिहायला दिला, तेव्हा सार्थक नावाच्या मुलानं लिहिलं: "आमचा आजा पहाटे उठतो. आमच्या चार म्हशी आहेत. यंदा पाऊस लांबला. काका मुंबईला रिक्षा चालवतात. गणपतीला ते आले होते. मला मांजर आवडते."

मॅडमनी खाली लाल पेनानं लिहिलं: "मांजर आधी आण."

मांजर आधी आणायला त्यांना सबंध एक सहामाही लागली. त्यांची पद्धत अशी. माझ्याकडून जुन्या लग्नपत्रिका न्यायच्या (गणपतीचं चित्र असलेली बाजू मी कापून ठेवून घेते, ती पायाखाली यायला नको). कोऱ्या बाजूवर एकेक वाक्य लिहायचं आणि एकेका मुलाच्या हातात द्यायचं. मुलं फळ्यासमोर रांगेत उभी. पहिल्या मुलानं वाचायचं की हा परिच्छेद कशाबद्दल आहे. बाकीच्यांनी आपापलं वाक्य वाचायचं. ज्याचं वाक्य त्या पहिल्याच्या उपयोगाचं नाही, त्यानं जाऊन बाकावर बसायचं. शेवटी जो उरतो त्यानं परिच्छेदाचं दार लावणारं वाक्य वाचायचं. पहिल्या दिवशी रांगेत एकच मुलगी उरली. तिच्याकडे पहिलं वाक्य होतं.

"'आजा पहाटे उठतो' कोणाकडे आहे?" मॅडमनी विचारलं.

सार्थकनं पत्रिका वर केली.

"मांजरीच्या परिच्छेदात याचं काम काय?"

"मॅडम, आजा उठलाच नाय तर दूध कोण काढणार? आनि दूधच नाय तर मांजर आमच्याकडं थांबंल कशाला?"

वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. "मग तसं लिही. आजा पहाटे दूध काढतो तेव्हा मांजर त्याच्या पायाशी येऊन बसते. लिहिलंस? आता उभा राहा."

सार्थक उभा राहिला. संध्याकाळी अनुष्कानं हे सांगितलं तेव्हा मी वहीत लिहून ठेवलं. त्या दिवशी माझी भाजी करपली होती, पण ते दुसऱ्या परिच्छेदात लिहिलं.

मग डिसेंबरात थांब्यावर कागद लागला. प्रवासी कमी असल्यामुळे एक जानेवारीपासून माथ्याच्या वाडीची संध्याकाळची फेरी बंद.

ही फेरी बंद झाली तर गाडी वर न जाता थेट पोलादपूरला जाणार, म्हणजे मॅडम रोज पाऊण तास लवकर घरी. हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. माझ्याच डोक्यात आलं.

वाडीतून अकरा मुलं शाळेला येतात. त्यातली सोनाली दहावीला आहे. अंगानं किरकोळ, बोलायला कमी, अक्षर मात्र छापल्यासारखं. तिचा बाप किशोर मुंबईला कुरिअरच्या ऑफिसात असतो. त्यानं फोनवर सांगून टाकलं की गाडी नसेल तर पोरीनं सात किलोमीटर जंगलातून अंधारात यायचं नाही. नातेवाइकाकडे घाटकोपरला लहान मूल आहे, त्याला सांभाळायला कोणी हवंच आहे, तिला तिकडे आणतो. परीक्षा बघू पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षी म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत असतं. सोनालीनं हे मॅडमना सांगितलं ते गाडीच्या पायरीवर एक पाय ठेवून, आणि लगेच आत जाऊन बसली.

"वाडीनं अर्ज नाही केला?" मॅडमनी मला विचारलं.

केला होता. फेरी बंद होणार अशी कुणकुण दिवाळीतच लागली होती. तेव्हा सोनालीचा आजा भागोजीबाबा, जे वाडीच्या गावकीचे अध्यक्ष आहेत, त्यांनी स्वतः अर्ज सांगितला आणि कोणीतरी तो लिहून घेतला. त्याची झेरॉक्स आम्ही पाहिली. दीड पान. सुरुवातीला वाघजाईचं स्मरण, मग डेपोतल्या साहेबांना आणि त्यांच्या कुटुंबाला आरोग्य लाभो, मग गाडी वाडीत पहिल्यांदा आली त्या दिवसाचं वर्णन, कोणी नारळ फोडला, ड्रायव्हरला कसला हार घातला, मग यंदाच्या जत्रेचं निमंत्रण. पान उलटल्यावर अगदी खाली, सह्यांना लागून: "तरी संध्याकाळची गाडी चालू राहावी ही विनंती."

डेपोतून उत्तर आलं होतं. आपल्या सदिच्छांबद्दल आभार, जत्रेस शुभेच्छा. भागोजीबाबांनी ते लॅमिनेट करून देवळात लावलं.

मॅडमनी झेरॉक्स दोनदा वाचली. "चूक साहेबांची नाही, काकी," त्या म्हणाल्या. "मांजर शेवटी आहे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी दहावीला परिच्छेदाचा विषयच तो दिला. एकोणतीस परिच्छेद आले. वर्गानं पत्रिकांवर वाक्यं लिहून रांगा केल्या, बसवली, उठवली. शेवटी सोनालीचा परिच्छेद राहिला. तो मी उतरवून घेतला आहे:

"माथ्याच्या वाडीची संध्याकाळी सव्वापाचची गाडी बंद करू नये. या गाडीनं अकरा विद्यार्थी घरी जातात. दुसरी वाट सात किलोमीटर जंगलातून आहे आणि थंडीत सहानंतर अंधार पडतो. जुलैत दरड आल्यामुळे गाडी आठ दिवस बंद होती, तेव्हा अकरापैकी नऊ जण शाळेला आले नाहीत. गाडी चालू राहिली तर आम्ही मार्चमध्ये परीक्षेला बसू शकू."

मॅडमनी तो दोनदा वाचला आणि काही खोडलं नाही. त्यांच्या बाबतीत हे मोठंच झालं.

पण अर्जावर वाडीच्या सह्या आणि गावकीचा शिक्का हवा. शिक्का भागोजीबाबांकडे, कापडी पिशवीत. सोनालीनं अर्ज घरी नेला आणि दुसऱ्या दिवशी तसाच परत आणला.

"काय म्हणाले आजोबा?"

"म्हणाले, हा अर्ज हाय का धमकी? देवीचं नाव नाय, रामराम नाय, दारात पाय ठेवला नाय तर लागली मागायला. असल्या कागदावर शिक्का मारला तर लोक म्हणतील भागोजीला रीतभात नाय."

"आणि तू काय म्हणालीस?"

"काय नाय. भाकऱ्या टाकायच्या होत्या."

रविवारी मॅडम सकाळच्या गाडीनं आल्या. सुट्टीच्या दिवशी. मला वाघजाईची ओटी भरायची होतीच, म्हणून मीही त्यांच्याबरोबर वर गेले. साडेबाराला गाडी परत खाली येते, तेवढा वेळ हातात.

भागोजीबाबा पडवीत बसून काथ्याची दोरी वळत होते. सत्तरीचे, डोक्याला टॉवेल. मॅडम उभ्या उभ्याच म्हणाल्या, "बाबा, मी अर्जावर शिक्का घ्यायला आलेय."

बाबांनी मान वर केली. "या म्याडम. वयनी, तुमीपन या. सोने, पानी आन गो."

पाणी आलं. गवती चहा आला. बाबांनी विचारलं, दोह्याला थंडी असते का. मॅडम म्हणाल्या, असते थोडी. तिकडं भात पिकतं का? नाही. मग खातात काय? आपल्याकडून जातं. हे ऐकून बाबांना बरं वाटलं. मग माकडं निघाली. मग मुंबईच्या मंडळाची मीटिंग निघाली, त्यात कोणी खुर्ची उचलली ते निघालं. मॅडमनी मध्ये दोनदा अर्जाचं नाव काढलं. दोन्ही वेळा बाबा म्हणाले, "चाय घ्या, थंड होतंय." दुसऱ्या वेळी कप रिकामा होता.

सव्वाबारा वाजले. मॅडम उठल्या. चेहरा पडलेला होता. सोनाली आतल्या दाराशी उभी होती, तिनं तर जमिनीकडेच पाहिलं. मॅडम पायरी उतरल्या आणि चपलेत पाय घातला.

"बरं म्याडम," भागोजीबाबा मागून म्हणाले, "काय काम काढलंत?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार? चहाच्या आधी बोललेलं इकडे धरत नाहीत, हे मी त्यांना आधीच सांगायला हवं होतं. माझ्या ध्यानातच आलं नाही. आम्हाला ते सांगण्यासारखं वाटत नाही.

मॅडमनी एका पायात चप्पल तशीच ठेवून अर्ज पुढे केला. "हा. गाडीचा."

"कागद बरा हाय," बाबा म्हणाले. "अक्षर चांगलं. पन देवी कुठंय?"

"देवी दुसऱ्या परिच्छेदात घेऊ. आभारांबरोबर."

"देवीला खाली बसवता? गाडी वर आनि देवी खाली?"

इथे मॅडमना बोलता येईना. मुसलमान बाईनं वाघजाईला कुठे बसवायचं ते वाडीत उभं राहून कसं सांगावं? म्हणून मी बोलले. "भागोजीबाबा, मी रोज वही लिहिते. सगळ्यात वर मधोमध श्री लिहिते आणि खाली सरळ मजकूर. तसं करू. देवीचं नाव कागदाच्या माथ्यावर, एकटं. तिच्या ओळीत गाडी नाही आणि कोणीच नाही."

बाबांनी थोडा विचार केला. "माथ्यावर एकटी. बरोबर हाय. देवळातपन एकटीच हाय."

"शीर्षक वाक्यात धरत नाहीत," मॅडम हळूच म्हणाल्या. "चालेल."

"आनि माझा नारळ?" बाबा म्हणाले. "पयली गाडी आली तवा नारळ मी फोडलाय. ह्यात त्याचा पत्ताच नाय. मागच्या अर्जात होता."

खाली वळणावर गाडीचा हॉर्न ऐकू आला. ड्रायव्हर वाडीत शिरण्यापूर्वी एकदा वाजवतो. मॅडमनी घड्याळाकडे न बघता सोनालीला बोलावलं.

"सोनाली, आजोबांचा नारळ. उभा राहतो की बसतो?"

पोरगी गोंधळली. आजासमोर असं बोलायची सवय नाही. बाबाही गोंधळले, नारळ उभा काय आणि बसतो काय.

"बसतो," सोनाली म्हणाली. आवाज इतका लहान की बाबांनी "काय?" म्हणून कानाला हात लावला. "आजा, नारळाचं वाक्य बाकावर बसवायला लागंल. गाडी बंद करू नये ह्याला नारळाचा उपेग नाय."

"अगो, नारळ फोडला म्हनून तर गाडी चालली इतकी वर्सं!"

गाडी येऊन पारापाशी उभी राहिली.

मग सोनालीनंच विचारलं, "आजा, नारळ फोडलास तवा वाडीतली कुठली पोर दहावीला होती?"

"पोर? तवा कोन पोरींना धाडत होतं खाली? चौथी झाली की गुरांमागं. तुझी आतेपन चौथीच."

"आनि गाडी आल्यापासून?"

बाबा बोटं मोजायला लागले. पार्वतीची थोरली, मग तिची धाकटी, मग महिपतीची दोन, मग... आठवर आले. "तू नववी," ते म्हणाले. "बसलीस तर."

सोनालीनं पायरीवर बसून अर्जाच्या माथ्यावर देवीचं नाव घातलं आणि शेवटच्या वाक्याआधी एक वाक्य वाढवलं: "गाडी सुरू झाली तेव्हा आमच्या वाडीतली एकही मुलगी दहावीपर्यंत पोचली नव्हती, त्यानंतर आठ मुली दहावीला बसल्या." मोठ्यानं वाचून दाखवलं. नारळ त्यात नव्हता. बाबांनी तिच्याकडून दुसऱ्यांदा वाचून घेतलं, मग आत जाऊन पिशवी आणली. शिक्क्यावर दोनदा फुंकर घातली आणि मारला. थोडा तिरका पडला.

ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "म्याडम, येताय का मुक्काम हाय?"

सह्या बाकी होत्या. मॅडमनी गाडी सोडली. आम्ही घरोघर फिरलो, प्रत्येक घरी पाणी आणि चहा. मला अकराव्या घरानंतर मोजायचं सुचलं नाही. सह्या सगळीकडे उंबऱ्याबाहेर मिळाल्या. रविवारी संध्याकाळची गाडी वर येत नाही, म्हणून दोघी चालत खाली उतरलो तेव्हा पावणेसहा झाले होते, आणि ती सात किलोमीटरची वाट कशी आहे ते मॅडमना आता वाचून नाही, पायांनी माहीत झालं. रस्त्यात त्या म्हणाल्या, "जंगलातून हा शब्द पुरेसा नव्हता, काकी." पण शिक्का मारून झाला होता.

सोमवारी मॅडमनी अर्ज डेपोत स्वतः नेऊन दिला. साहेबांनी तो उभ्यानंच वाचला. पहिली ओळ वाचून म्हणाले, "अच्छा, गाडी." मग बसून उरलेला वाचला. एवढंच. चहा विचारला नाही. मॅडमना फार बरं वाटलं.

तीस डिसेंबरला हुकूम आला. विद्यार्थ्यांची परीक्षा लक्षात घेऊन सदर फेरी एकतीस मार्चपर्यंत चालू राहील.

वाडीत पेढे वाटले. भागोजीबाबांनी हा कागदही लॅमिनेटला दिला. मॅडम आमच्या पडवीत तो हुकूम वाचत बसल्या आणि त्यांनी पेढा हातातच धरून ठेवला.

"काय झालं? मिळाली की गाडी."

"मार्चपर्यंत," त्या म्हणाल्या. "नववीच्या चौघी आहेत, आठवीतले तिघं. शेवटच्या वाक्यात मार्च आम्हीच लिहिलाय. साहेबांनी दार तिथंच लावलं. मी ते वाक्य तपासलंच नाही, सुंदर वाटलं म्हणून सोडून दिलं." मग पेढा खाल्ला.

दुसऱ्या दिवशी त्या नववीच्या वर्गावर गेल्या आणि विषय तोच दिला. महिन्याचं नाव कोणी घ्यायचं नाही, एवढीच अट.

बाबांना निरोप गेला की पुन्हा शिक्का लागेल. त्यांनी सोनालीबरोबर एका पाकिटातून पाच कोरे कागद पाठवले. प्रत्येकाच्या माथ्यावर मधोमध वाघजाईचं नाव आणि खाली कोपऱ्यात शिक्का, मध्ये सगळं रिकामं. बरोबर चिठ्ठी, कोणाकडून तरी लिहून घेतलेली. चिठ्ठी एका वाक्याची होती: "मधलं तुम्ही लिहा."

असे कोरे शिक्क्याचे कागद कोणाला देऊ नयेत, हे मॅडमनी त्यांना लेखी कळवलं. एक परिच्छेद, पाच वाक्यं. कागद मात्र परत पाठवले नाहीत, शाळेच्या कपाटात कुलपात ठेवले.

सोनाली मार्चमध्ये परीक्षेला बसली. बाप आला होता केंद्रावर, हातात केळी घेऊन. घाटकोपरच्या मुलाला सांभाळायला दुसरं कोणी मिळालं. नववीचा अर्ज फेब्रुवारीतच गेला होता. त्यावर हुकूम आला, "पुढील आदेश होईपर्यंत." पुढील आदेश कधी होईल ते त्यात लिहिलेलं नाही. मॅडम म्हणाल्या, हे वाक्य साहेबांनी चांगलं लिहिलंय.

पाचपैकी एक कागद वापरला. चार कपाटात आहेत.